कोटासाठी कर्ज नको

एरंडोल तालुक्यातील एका गावातून आलेले पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. पत्र लिहिणारी मुलगी जळगावात तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकते, रोज एसटीने अप-डाउन करते, आणि गुढीपाडव्यानंतर चार आठवडे जिल्हा न्यायालयातील एका ज्येष्ठ वकिलांकडे इंटर्नशिप करणार आहे. ती लिहिते:

“ताई, वर्गातल्या मुली सांगतात की काळा सूट, कोट, बूट आणि बॅग मिळून आठ हजारांच्या आत काही होत नाही. माझ्याजवळ कापूस वेचणीचे साठवलेले अडीच हजार रुपये आहेत. माय म्हणते, ‘गटना पैसा काढसूत, तू फिकीर करू नको.’ पण वडिलांनी सोसायटीचे कर्ज आत्ता कुठे फेडले आहे आणि माझ्या कपड्यांसाठी घरात पुन्हा कर्ज यावे, हे मला पटत नाही. मायच्या गटातल्या एक मावशी शिवणकाम करतात, त्यांच्याकडून काही शिवून घेता येईल का? कोट नसला तर सर परत पाठवतील का? आणि रोज आलटून पालटून तेच दोन ड्रेस घातले, तर कोर्टातले लोक काय म्हणतील?”

बेटा, कर्ज काढू देऊ नकोस. तुझ्या मायने असे म्हणावे यात मला नवल वाटत नाही, कारण लेकीच्या फीसाठी गळ्यातली पोत मोडणाऱ्या आया मी आपल्या भागात पाहिल्या आहेत. परंतु बचत गटाचे पैसे बियाण्याला, दवाखान्याला, अडल्या वेळेला कामी येतात आणि त्यांचा हप्ता दर महिन्याला भरावाच लागतो. इंटर्नशिपमध्ये तुला मानधन मिळण्याची शक्यता फार थोडी आहे, म्हणजे तो हप्ता पुन्हा मायच्या मजुरीतूनच जाणार. तुझ्या अडीच हजारांत हे काम नीट होते; ते कसे, हे मी जरा विस्ताराने लिहिते.

आधी नियम काय सांगतो ते पाहू, कारण वर्गात जे सांगितले जाते त्यातले बरेच ऐकीव असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 सालच्या विधी शिक्षण नियमांत इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांचा वेश स्वतंत्रपणे दिलेला आहे. सर्वांसाठी पांढरी किंवा काळी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट आणि काळे बंद बूट असा तो वेश आहे. मुलींना पर्याय म्हणून काळी छापील साडी, पांढरे पूर्ण बाह्यांचे ब्लाउज आणि काळे बंद बूट, किंवा वकिली सूट घालता येतो. मात्र तिथेच असेही म्हटले आहे की, ज्या विद्यार्थ्याला कोणत्याही कारणाने हा संपूर्ण वेश मिळवणे अडचणीचे असेल, त्याने पांढरी पँट, आत खोचलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट एवढे घालावे. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द नीट लक्षात घे. ज्यांनी हा नियम केला त्यांना कापूस वेचून शिकणाऱ्या मुलांची अडचण ठाऊक होती, आणि कोट नसणे हा तुझा दोष ठरू नये याची सोय त्यांनी नियमातच करून ठेवली आहे. गळपट्टी, म्हणजे ते दोन पांढरे बँड, आणि गाऊन या वस्तू सनद मिळालेल्या वकिलांच्या आहेत. त्या विकत घेण्याचा प्रश्नच आज तुझ्यापुढे नाही.

याच नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते आणि एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे आज घेतलेले कपडे तुला पुढच्या वर्षीही लागतील, अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे सरावासाठी चालवलेल्या नकली खटल्यांच्या, स्पर्धेत लागतील आणि सनद मिळाल्यावर पहिली दोन वर्षेही लागतील. म्हणून जे वकिलीतही चालेल तेच घे. वकिलांच्या वेशाच्या नियमात महिलांना पांढरा किंवा काळा सलवार-कुर्ता, ओढणीसह किंवा ओढणीशिवाय, चालतो. विद्यार्थ्यांच्या नियमात सलवार-कुर्ता असा शब्द नाही, त्यामुळे मी तुला दोन्ही नियमांच्या जवळ जाईल असा मधला मार्ग सुचवते: शर्टासारखी कॉलर आणि पूर्ण बाह्या असलेला पांढरा सरळ कुर्ता, खाली काळी सरळ पँट, आणि हवी असेल तर काळी ओढणी. पांढरी पँट नियमात असली तरी तू घेऊ नकोस. एसटीच्या सीटवर रोज दोन वेळा बसणाऱ्या माणसाला पांढरी पँट परवडत नाही.

आता मावशींविषयी. तू हे जाता जाता लिहिले आहेस, पण तुझ्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. गटाकडून घ्यायचेच असेल तर कर्जाऐवजी मावशींची शिलाई घे, आणि ती फुकट घेऊ नकोस. त्यांचा जो दर असेल तो दे. दोन पांढरे कुर्ते आणि एक काळी पँट एवढेच शिवायचे आहे. कापड आणि शिलाई धरून दोन कुर्त्यांना अकराशे, पँट आणि ओढणीला पाचशे, बुटांना सहाशे, मोजे, पॉलिश, नीळ आणि इस्त्रीला दोनशे, आणि शंभर रुपये हाताशी, अशी मर्यादा घालून घे. कापडात काही वाचले तर ते बुटांत घाल, पण बुटांतले कापून ओढणीत घालू नकोस.

कापड घेताना घाई करू नकोस, कारण पांढऱ्या कापडात फसायला फार सोपे असते. दुकानात ट्यूबलाइटखाली ते घट्ट दिसते आणि बाहेर उन्हात आले की अंग दाखवते. फुले मार्केटात जाशील तेव्हा दुकानदाराला विचारून ताग्याचा पदर दाराशी उजेडात आण आणि त्याच्याखाली आपला तळहात धर. हातावरच्या रेषा दिसल्या तर ते कापड नको. हाताचा नुसता आकार अंधुक दिसत असेल तर चालेल, कारण आत शमीज घालायचीच आहे. आपल्या बाजारात सुरतेचे सिंथेटिक कापड मुबलक आणि स्वस्त मिळते, पण एप्रिलमध्ये, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा 44 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ते अंगाला चिकटते आणि उजेडात चमकते. निव्वळ सुती कापड उन्हाला उत्तम, पण एरंडोलहून जळगावला पोचेपर्यंत त्याची चुणी होते. म्हणून सूत जास्त आणि पॉलिस्टर कमी असे मिश्र कापड माग. शंका आली तर कडेचा एक धागा काढून घरी काडीने पेटवून पाहा: सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, आणि पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

मावशींना पन्हा सांगून किती मीटर लागेल ते आधी विचार, म्हणजे उगाच अर्धा मीटर जादा घेतला जाणार नाही. शिवायला देण्यापूर्वी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यातच बाह्या मनगटाच्या वर जातील. मुंढ्यात आणि बाजूच्या शिवणीत माया थोडी जास्त ठेवायला सांग; दोन वर्षांनी तीच माया उसवून कुर्ता सैल करता येईल. उजव्या बाजूच्या शिवणीत एक खोल खिसा हवाच, कारण कोर्टात एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात डायरी असते आणि पेन ठेवायला जागा उरत नाही. काळी पँट आणि काळी ओढणी शक्यतो एकाच ताग्यातून घे. दोन दुकानांतले दोन काळे घरात सारखे दिसतात आणि उन्हात एक तांबूस, एक निळसर दिसते.

साडीचा विचार मनात असेल, तर संक्रांतीला घेतलेली काळी साडी आपल्याकडे घरोघरी असते. तिला जरीचा काठ नसेल आणि तुला साडीत एसटी चढण्या-उतरण्याची सवय असेल, तर फक्त पूर्ण बाह्यांचे पांढरे ब्लाउज शिवले की तुझा तिसरा वेश तयार झाला. सवय नसेल तर या चार आठवड्यांत ती नव्याने लावून घेऊ नकोस.

कोटाविषयी मला थोडे स्वतःचे सांगायचे आहे. धुळ्याला मी नुकती ज्युनिअर म्हणून उभी राहू लागले होते, तेव्हा मी हप्त्याने एक तयार कोट घेतला. दुकानात तो मला फार रुबाबदार वाटला होता. पहिल्याच आठवड्यात एक मुदतीचा अर्ज द्यायला मी हात पुढे केला, तेव्हा कोटाची बाही बोटांवर सरकली, कागद निसटला आणि टेबलाखाली गेला. मी वाकून तो उचलत असताना माझे कान कसे तापले होते, ते मला आजही आठवते. संध्याकाळी आमच्या सरांच्या म्हाताऱ्या मुन्शींनी, एक शब्दही न बोलता, मला एका शिंप्याकडे नेले आणि माझ्या मनगटाच्या हाडावर बोट ठेवून त्याला म्हणाले, “इथवर.” शिंप्याने दोन्ही बाह्या दीड-दीड इंच आत घेतल्या. हप्ते मी आठ महिने फेडले, पण तो कोट माझ्या अंगचा झाला तो त्या संध्याकाळपासून.

तेव्हा तू कोट विकत घेऊ नकोस, मागून घे. तुझ्या महाविद्यालयात नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुली असतील, तुझ्या शिक्षिका असतील, ज्या वकिलांकडे जाणार आहेस त्यांच्या ज्युनिअर असतील. वकिलाच्या घरात एक तरी जुना कोट खुंटीला असतोच. मागायला संकोच करू नकोस, कारण आमच्यापैकी अनेकींनी पहिले वर्ष दुसऱ्याच्या कोटात काढले आहे आणि ती गोष्ट कोणी विसरलेले नाही. कोट घालून पाहताना आधी खांदा बघ. खांद्याची शिवण तुझ्या खांद्याच्या हाडावर येत असेल तरच तो घे, कारण बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, फाटलेले अस्तर बदलता येते, पण उतरलेला खांदा वर आणायचा तर अर्धा कोट उसवावा लागतो आणि मागून आणलेल्या कोटावर तेवढा खर्च करणे योग्य नाही. बाही दुमडायची असेल तर न कापता आतून टाके घालून घे, म्हणजे परत करताना ते उसवता येतील.

एसटीत कोट अंगात घालून बसू नकोस. दोन्ही खांद्यांत हात घालून तो उलटा कर, अस्तर बाहेर आणि काळी बाजू आत अशी घडी घाल, वरून जुन्या ओढणीत गुंडाळ आणि मांडीवर ठेव. धूळ लागली तर अस्तराला लागेल. आणि उन्हाळ्याची गोष्टही लक्षात ठेव: सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये वगळता अन्य न्यायालयांत वकिलांनाच उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. तू जाणार आहेस त्या दिवसांत जिल्हा न्यायालयातले कित्येक वकील कोटाशिवायच दिसतील, त्यामुळे तुझ्याकडे कोट नसला तरी तू वेगळी पडणार नाहीस. पुढे कधी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात काम पाहायला जाण्याची संधी मिळाली, तर त्या दिवसापुरता कोट मागून आण.

बुटांबाबत मात्र तडजोड नको, कारण उघड्या चपला विद्यार्थ्यांच्या नियमात बसत नाहीत आणि इंटर्नला दिवसभर पायांवर राहावे लागते. एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात तारीख विचारायला, नक्कल विभागात अर्ज द्यायला, झेरॉक्सला, पुन्हा कार्यालयात, असे फेरे सुरूच असतात. काळे, बंद, जवळजवळ सपाट टाचेचे, आवाज न करणारे बूट घे. संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि सकाळी घट्ट बसलेला बूट दुपारी चावतो. तू एनसीसीत असशील आणि तिथले काळे बूट चांगल्या स्थितीत असतील, तर नवे घेऊच नकोस. पॉलिश करून तेच वापर आणि ते सहाशे रुपये बाजूला टाक.

“रोज तेच दोन ड्रेस” हा तुझा प्रश्न मी दोनदा वाचला, आणि त्यामागची धाकधूक मला समजते. पण कोर्टात सगळेच रोज तेच घालतात. न्यायाधीश, सरकारी वकील, पन्नास वर्षे वकिली केलेले ज्येष्ठ, सगळे काळ्या-पांढऱ्यात असतात आणि कोणाचा पांढरा शर्ट कालचा आहे की परवाचा, हे कोणी मोजत नाही. दिसते ते एवढेच की कॉलर मळकी आहे की स्वच्छ. म्हणून तिसरा कुर्ता घेण्यापेक्षा दोन कुर्ते धुण्याची शिस्त लाव. घरी आल्याबरोबर कुर्ता उतरव, कॉलर आणि कफ ओले करून त्यांवर साबणाची वडी घास, पंधरा मिनिटे ठेवून मग बाकीचा कुर्ता धू. बोअरच्या जड पाण्याने पांढरे कापड हळूहळू पिवळे पडते. आठवड्यातून एकदा शेवटच्या पाण्यात निळीचे चार थेंब टाक, पण नीळ थेट कापडावर ओतू नकोस, नाहीतर डाग पडतात. ब्लीचच्या नादी वारंवार लागू नकोस, त्याने मिश्र कापड उलट पिवळे पडते. पांढरे उन्हात वाळव, काळे उलटे करून सावलीत. कुर्त्यात सूत जास्त असेल तर भाताच्या पेजेची पातळ खळ दिलीस की तो दिवसभर ताठ राहतो. पँटची इस्त्री रोज नको. क्रीज जुळवून ती रात्री गादीखाली ठेवली की पुरते. एसटीत महिलांना 2023 पासून अर्धे तिकीट आहे. त्या वाचलेल्या पैशांतून कुर्त्याची इस्त्री सहज निघेल.

आणखी एक बारीक गोष्ट. वकिलांच्या कार्यालयात तुला जुन्या फाइली काढायला सांगतील. त्या फाइली उघडल्या की वर्षांची धूळ बाहेर येते आणि पहिली बसते ती पांढऱ्या कफवर. कार्यालयात काम करताना बाह्या कोपरापर्यंत नीट दुमड, आणि न्यायालयाच्या खोलीत जाण्यापूर्वी त्या सोडून बटणे लाव. बसमध्ये तोंडाला बांधलेला स्कार्फही आवाराच्या फाटकाशीच काढून पिशवीत टाक. वर्षानुवर्षे त्या आवारात वावरणाऱ्यांनी तुला चेहऱ्याने ओळखले पाहिजे. दागिने, केस, टिकली याबाबत मी काही सांगत नाही, तुझे घरातले रोजचे राहणे पुरेसे आहे. बांगड्या मात्र टायपिंग करताना आणि न्यायालय शांत असताना वाजतात, म्हणून एखादीच ठेव. बॅग नवी घेऊ नकोस. जाड कापडाची काळी पिशवी मावशी उरल्यासुरल्या कापडातून शिवून देतील, फक्त तिच्यात फाइल आडवी न दुमडता मावली पाहिजे.

ज्या मुलांनी याच अर्थाची पत्रे पाठवली आहेत त्यांच्यासाठी एवढेच: दोन पांढरे पूर्ण बाह्यांचे शर्ट, एक काळी पँट, एक काळा टाय आणि शाळेतले काळे बूट पुरतात, जीन्स काळी असली तरी ती जीन्सच असते, आणि वकिलांच्या नियमात तिला स्पष्ट शब्दांत मनाई आहे.

“सर परत पाठवतील का?” यावर माझे उत्तर असे की, त्यांना आधीच विचार. काही ज्येष्ठ वकील इंटर्नने कोट घालू नये असेच सांगतात, कारण पक्षकार विद्यार्थ्यालाच वकील समजून कागद हातात देतात. काहींना कोट हवा असतो. अंदाज बांधत बसण्यापेक्षा फोन कर आणि सरळ म्हण, “सर, मी पाडव्यानंतर येणार आहे. पांढरा कुर्ता, काळी पँट आणि बंद बूट अशी माझी तयारी आहे. कोट सध्या नाही. तो आवश्यक असेल तर मी कुणाकडून तरी घेऊन येईन.” एवढ्या चार वाक्यांत तू परिस्थितीही सांगितलीस आणि तयारीही दाखवलीस. माझ्या आजवरच्या अनुभवात असा फोन करणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी नाही म्हटलेले नाही. उलट एक-दोनदा समोरूनच “कोट आमच्याकडे आहे” असे उत्तर मिळालेले मी ऐकले आहे.

फोन या आठवड्यात कर आणि कापडही या आठवड्यातच घे. पाडवा झाला की लग्नसराई सुरू होते, पाठोपाठ आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते, माहेरी येणाऱ्या लेकींची ब्लाउजे मावशींच्या मशीनवर ढीग करून पडतात, आणि मग घरच्या माणसाचे काम सर्वांत मागे राहते. दोन कुर्त्यांपैकी एक आधी शिवून घे, तो घालून एकदा एसटीने जळगावला जाऊन ये, कुठे काचते, कुठे चुरगळते ते पाहा, आणि मग दुसरा कापायला सांग.